मनिंजाऊचा खोटा इशारा

१

तळं उलटलंच नाही.

उलटणार म्हणून शुक्रवारी दुपारी कोतो सिलासा गावातले सगळे फोन एकदम वाजले होते. 'वरचं पाणी थंड पडलं आहे. तळातलं खराब पाणी वर येण्याचा धोका. पिंजरे ताबडतोब रिकामे करा.' मनिंजाऊ तळ्याच्या काठावर या खराब पाण्याला तुबो म्हणतात. तुबो वर आला की जाळीच्या पिंजऱ्यांत पोसलेले मासे रातोरात पोटं वर करून तरंगतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. लोकांनी शनिवार-रविवार धडपड करून अर्धवट वाढलेले मासे उपसले आणि मातीमोल भावानं विकले. सोमवारी तळं गुमान पडलेलं. मंगळवारीही तसंच. आणि आज, बुधवारी सकाळी, तळ्यात बसवलेल्या त्याच यंत्राचा दुसरा निरोप आला: 'धोका टळला.'

"टळला म्हणे! होता कुठं टळायला?" बसमधली एक बाई मांडीवरच्या टोपलीवर हात आपटून म्हणाली.

तिच्या शेजारी खिडकीत यूसनेली बसली होती, गावाची नेली; शहरातल्या संशोधन केंद्रात आठवडाभर काम करून ती घरी परतत होती. तिला मनातून फार बरं वाटत होतं आणि त्याची थोडी लाजही वाटत होती. तिच्या पर्समध्ये संशोधन केंद्राचा हुकूम होता. इशारा खोटा का ठरला ते शोधा आणि आज संध्याकाळी गावसभेसमोर सांगा. गणितच भरवशाचं नाही असं निघालं, तर तळ्यातला तरंगता डबा काढून टाकायचा, तो बसवणाऱ्या रेत्नोला परत जावा बेटावर पाठवायचं आणि काठावरचं ठाणं पुन्हा यूसनेलीच्या ताब्यात द्यायचं.

नेलीनं त्या तळ्यात वीस वर्षं नावेतून थर्मामीटर सोडला होता. ऊन म्हणू नका, पाऊस म्हणू नका. त्यातून तिनं एक नियम बसवला होता: डोंगराकडचा वारा आणि दोन दिवसांची झड एकत्र आली की पिंजरे रिकामे करा. नियम चालला, पुष्कळ वर्षं चालला. मग हवा तापत गेली, वरचं पाणी कोमट होऊन वरच राहू लागलं, वरखाली मिसळणं कमी झालं, आणि खाली विष साचत गेलं. नेलीचा नियम एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. तेवढ्यात ही रेत्नो आली. नेलीचेच वीस वर्षांचे आकडे तिनं संगणकात ओतले, त्यात ऊन, वारा, हवेची उष्णता घातली आणि तळ्याच्या थराथराचं तापमान सांगणारं गणित उभं केलं. पेपरात फोटो आला तो तिचा एकटीचा. आयत्या बिळावर नागोबा! हे नेली रोज जेवताना म्हणायची. कुणी विचारो न विचारो.

२

रेत्नो ठाण्यातच बसली होती. डोळे सुजलेले, समोरचा भात तसाच.

"उनी, तुम्हाला पाठवलं ते बरं झालं," ती म्हणाली. थोरल्या बहिणीला इथं उनी म्हणतात. गावातल्या बाया म्हणायच्या तेव्हा नेलीला गोड वाटायचं. हिच्या तोंडून मात्र नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"बरं झालं की नाही ते संध्याकाळी कळेल. दाखव काय ते."

रेत्नोनं पडद्यावर आकडे काढले. डब्याखाली एकच दोरी, दोरीवर तापमान मोजणाऱ्या तीन कुप्या. लाल, पिवळी आणि काळी. एक पृष्ठभागालगत, एक मध्यावर, एक खोल. प्रत्येक कुपी आपल्या रंगाच्या नावानं आकडा पाठवायची, तो थेट गणितात जायचा, आणि धोका दिसला की इशारा आपोआप लोकांच्या फोनवर.

"आपोआप," नेली म्हणाली. "पूर्वी इशारा माझ्या नजरेखालून जायचा. ती पायरी कुणी काढली?"

"मी." रेत्नोनं मान खाली घातली. "वेळ वाचावा म्हणून."

"वाचला ना वेळ? घाल आता आमटीत."

बोलता बोलता नेलीची नजर पडद्यावर थांबली. जळफळाट एकीकडे, पण आकडा दिसला की ही बाई दुसरं सगळं विसरायची. शुक्रवारी भर दुपारी थोड्या वेळापुरत्या तिन्ही कुप्यांनी एकच आकडा दाखवला होता, आणि तो पाण्याचा नव्हता. इतकं ऊन तळ्याच्या तळात असतं तर मासे शिजूनच वर आले असते.

"हे काय?"

"मला वाटलं, फोनच्या तारांचा गोंधळ..."

"गोंधळ कसला! ही हवा आहे. कुणीतरी दोरी वर ओढून कुप्या नावेत ठेवल्या आणि परत सोडल्या. त्यानंतर लगेच तुझा इशारा गेला. दोरीला हात कोण लावतं?"

"मीच. दुसऱ्या कुणाला लावू देत नाही."

"आणि शुक्रवारी दुपारी तू होतीस कुठं?"

"इथंच. एकटी." रेत्नोनं भाताचं ताट बाजूला सारलं. "पण मी तळ्यावर गेले नव्हते, उनी. शपथेवर सांगते. कोण विश्वास ठेवणार म्हणा!"

मी तर नाहीच, असं नेलीच्या ओठांवर आलं होतं.

३

गावात लग्न होतं. रस्त्याच्या दुतर्फा बांबूंवर मारावा नावाची निशाणं फडफडत होती, पिवळा, लाल, काळा असे पट्टे ल्यालेली. चहाच्या दुकानात, म्हणजे लापाऊत, बायका सहसा बसत नाहीत. नेली सरळ आत शिरली आणि गुसमलसमोरच्या बाकावर बसली.

गुसमल माशांचा व्यापारी. शनिवारी-रविवारी पडेल भावानं मासे उचलले ते यानंच. अंडं घालून फेटलेल्या चहाचा फेस मिशीला लागलेला, आणि चेहऱ्यावर सासऱ्यानं मनासारखा मान दिल्याचं समाधान.

"या, उनी नेली! मला पकडायला आलात?"

"चोराच्या मनात चांदणं."

"अहो, सगळं गाव तेच म्हणतंय. गुसमलनं डबा बिघडवला, गुसमलनं मासे लुटले. मी लोकांच्या घाबरण्यातून पैसा केला, नाही म्हणत नाही. दुसरा कुणी असता तर त्यानंही केला असता. पण डब्याला हात? मला पोहता येत नाही, उनी."

"नाव हाकता येते ना?"

"येते. पण शुक्रवारी दुपारी मी होतो मशिदीत. दुसऱ्या रांगेत, थेट दातुकांच्या मागं. सजद्यात कपाळ टेकलं तशी माझी नवी टोपी घरंगळत पुढं गेली ती दातुकांच्या पायाशी. पोरं खदाखदा हसली. विचारा त्यांना."

दातुक म्हणजे कुळाचे म्होरके, आणि संध्याकाळच्या सभेचे प्रमुखही तेच. ते शेजारच्याच बाकावर होते. त्यांनी वैतागून मान डोलावली. "टोपी आली खरी. आणि ऐक, नेली, शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला गावातला एकही बाप्या कमी नव्हता. दुसऱ्या दिवशी लग्नाचा विडा वाटायचा होता ना, मी स्वतः सगळ्यांची तोंडं बघत होतो. एखादा नसता तर त्याच्या बायकोच्या घरापर्यंत बोभाटा झाला असता."

"ऐकलंत?" गुसमल पुढं वाकला. "बाप्या नव्हे तो. बाई शोधा. आणि त्या डब्याजवळ जाणारी बाई गावात एकच. ती जावावाली."

नेलीनं चहा मागवला आणि चक्क गोडीनं प्यायला. रेत्नोचं गाठोडं बांधलं गेलं होतं. आता फक्त गाठ मारायची राहिली होती.

४

तरी दोरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय अहवालावर सही करणारी ती बाई नव्हती. तिनं भाचीला हाक मारली.

डेसफिता म्हणजे नेलीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण मलेशियाला कामाला गेली ती तिथलीच झाली. डेसीला नेलीनं वाढवलं, शिकवलं आणि ठाण्यात चिकटवलं. गेल्या वर्षापासून मात्र डेसीच्या तोंडी सतत 'म्बाक रेत्नो असं म्हणतात, म्बाक रेत्नो तसं करतात.' म्बाक म्हणजे जावाकडची ताई. पेपरातला फोटो एकवेळ नेलीनं पचवला असता. हे म्बाक तिला पचत नव्हतं.

डेसीनं नाव काढली. वाटेत एक शब्द बोलली नाही.

"का गं, जीभ म्बाककडे ठेवून आलीस?"

"ऊन फार आहे, एतेक," डेसी म्हणाली. मावशीला ती लहानपणापासून एतेक म्हणायची.

ऊन मुळीच नव्हतं. डोंगराकडून गार वारा सुटला होता. दोघींनी दोरी ओढली. आधी पिवळी कुपी आली, मग लाल, मग पुष्कळ दोरी गेल्यावर काळी. गाठी घट्ट, कुप्या धड, अंतर बरोबर.

"सगळं जागच्या जागी," नेली म्हणाली. डेसी पाण्याकडे बघत राहिली.

ठाण्यात परतल्यावर नेलीनं रेत्नोला सांगितलं, "तुझी दोरी ठणठणीत आहे. तरी एक गोष्ट मला छळतेय. तुझे आकडे म्हणतात, शुक्रवारपासून वरचं पाणी थंड आणि मधलं गरम. अगं, थंड पाणी जड असतं. ते गरमावर असं दिवसेंदिवस बसून राहील का? खाली जाईलच. म्हणजे आकडे खोटे आहेत आणि कुप्या तर खऱ्या आहेत."

रेत्नो सावकाश म्हणाली, "उनी, वर कुठली कुपी होती?"

"कुठली म्हणजे? पिवळी. मग लाल, मग काळी. जशी असायला हवी तशी."

रेत्नो ताडकन उठली. खुर्ची मागं पडली.

"लाल वर हवी! लाल म्हणजे ऊन, तापलेलं पाणी. पिवळी मधली. कुणीतरी अदलाबदल केलीय!"

५

नेली बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

अदलाबदल झाली होती आणि ती तिला स्वतःला दिसली नव्हती. वीस वर्षं या तळ्यावर काढलेल्या बाईला! का दिसली नाही ते समोरच फडफडत होतं. पिवळा, लाल, काळा. इथल्या मिनांग लोकांचे तीन मूळ प्रांत, थोरला, मधला, धाकटा, आणि त्यांचे हे रंग. पाळण्यातल्या पोराला सुद्धा त्याच क्रमानं शिकवतात. या मातीत वाढलेल्या माणसाच्या हातात हे तीन रंग द्या आणि वरून खाली लावायला सांगा, तो विचारही न करता पिवळा वर ठेवील. त्यात लबाडी नाही. हातच तसा वळतो.

आणि रेत्नोचा हात तसा वळला नसता. तिच्या गावी हे निशाणच नाही. तिला लाल म्हणजे ऊन. तिनं दोरी काढली असती तर लालच वर बांधली असती.

म्हणजे बाप्या नाही, कारण सगळे बाप्ये मशिदीत. जावावाली नाही, कारण रंगांचा क्रम मिनांग. उरली एक मिनांग बाई, जिला नाव हाकता येते आणि त्या कुप्या कशा सोडवायच्या ते कळतं. अशा गावात दोघीच होत्या. त्यातली एक शुक्रवारी शहरात, केंद्रात बसलेली होती.

दुसरी डेसी. आणि त्याच्या पाठोपाठ, सांगायला वाईट वाटतं पण सांगितलं पाहिजे, दुसरा एक विचार आला. हे माझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. रेत्नोला रंगांची ही खोच माहीत नाही, आणि गावाला दोरीचं कळत नाही. गप्प बसलं की झालं. डेसी वाचेल, ठाणं मिळेल आणि ती बया आपल्या गावी जाईल. खोटं बोलावं लागणार नाही. नुसतं गिळायचं.

ती उठली आणि नावेच्या धक्क्यावर गेली. डेसी तिथंच बसून होती.

"शुक्रवारी दुपारी नाव तू नेलीस?"

डेसीनं नाही म्हटलं नाही. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"का गं? कुणी पैसे चारले? गुसमलनं?"

"तुम्ही!"

"मी?"

"रोज जेवताना कोण म्हणतं, ती दोरी मोजलीय का कुणी? तिच्या कुप्या ती म्हणते तितक्या खोल असतील कशावरून? सगळी थापेबाजी असेल! रोज, एतेक! घास घशाखाली जात नव्हता माझ्या. म्हटलं, एकदा टेप घेऊन मोजावं आणि तुमच्यासमोर ठेवावं, म्हणजे तुम्ही गप्प बसाल. म्बाक हात लावू देत नाहीत, म्हणून जुम्म्याची वेळ साधली. मोजायला कुप्या सोडवाव्या लागल्या. घाईत परत बांधल्या. क्रम चुकला ते आज नावेत तुमच्यासमोर कळलं मला."

"मग मोजून काय निघालं?"

"बोटभरही फरक नव्हता," डेसी हुंदका देत म्हणाली. "सगळं बरोब्बर होतं. पण ते तुम्हाला सांगू कशी? तुम्हाला ते आवडलंच नसतं."

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला नेली सकाळपासून वणवण फिरत होती.

तेवढ्यात ठाण्याच्या दारातून रेत्नो ओरडली, "उनी! लवकर या! हे बघा!"

६

रेत्नोनं लाल आणि पिवळीचे आकडे परत जागेवर लावून गणित पुन्हा चालवलं होतं. पडद्यावर आता शुक्रवारचं तळं धडधाकट दिसत होतं. वर गरम, खाली थंड, धोका काडीचाही नाही. पण पुढं सरकावं तसं वरचं पाणी निवत चाललेलं. आज ते मधल्याच्या जवळजवळ बरोबरीला आलं होतं.

"उलटं लावल्यामुळं उलटंच वाचलं यानं," रेत्नो म्हणाली. "वरचं पाणी खरोखर निवतंय, आणि गणिताला वाटतंय की बिघडलेलं सुरळीत होतंय. म्हणून सकाळी 'धोका टळला' म्हणालं. उनी, वारा असाच राहिला तर उद्या-परवा तळं उलटेल."

नेलीनं बाहेर बघितलं. डोंगराकडचा वारा मघापेक्षा वाढला होता. आणि सकाळच्या निरोपावर विसंबून लोक पिंजऱ्यांत नवी पिल्लं सोडत होते. उरलेसुरले मोठे मासे अजून तिथंच होते. तिच्या स्वतःच्या कुळाचे पिंजरे तर भरलेलेच होते, कारण 'त्या बाईच्या इशाऱ्यावर मी मासे विकायची नाही' असं तिनंच फोनवरून बजावलं होतं.

"लोक ऐकणार नाहीत," रेत्नो म्हणाली. "माझं तर नाहीच."

सभाघर खचाखच भरलं होतं. नेली उभी राहिली तशी कुजबुज थांबली. पुढच्याच रांगेत डेसी, मान खाली घालून. दाराशी रेत्नो, गुन्हेगारासारखी उभी.

"नेली, सांग. गणित खोटं का?" दातुकांनी विचारलं.

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द जिभेवर येऊन बसला होता, आणि किती गोड लागत होता म्हणून सांगू!

"गणित खरं आहे," नेली म्हणाली. "शुक्रवारी कुप्या उलट्या बांधल्या गेल्या. बांधणारा हात माझ्या भाचीचा."

सभाघरात एकच गलका झाला.

"थांबा! तिला तिकडे पाठवणारी जीभ माझी. रेत्नोचं नाव झालं ते मला बघवेना. माझ्या पोटात दुखलं आणि औषध पोरीनं घेतलं. झोडायचं तर मला झोडा, पण सावकाश झोडा, आत्ता वेळ नाही. तळं उद्या-परवा उलटतंय. पिंजरे रिकामे करा."

"पुन्हा?" मागून गुसमल हसला. "उनी, एकदा हात पोळले लोकांचे. आता कोण ऐकतंय?"

"मी ऐकतेय. आमच्या कुळाचे पिंजरे बायकांच्या नावे आहेत आणि बायकांत आता मी थोरली. तू शनिवारी काय भाव दिलास?"

गुसमलनं भाव सांगितला. लोक चुकचुकले.

"त्याच भावानं माझे सगळे घे. आत्ता. चल, नाव काढ."

"माझ्याकडे बघू नका," गुसमल गडबडला. "मला खरंच पोहता येत नाही."

कुणीतरी हसलं. मग दातुक उठले. त्यांनी धोतरासारखी गुंडाळलेली लुंगी वर खोचली आणि म्हणाले, "नेलीनं स्वतःचं नुकसान करून त्या जावावालीची बाजू घेतली, म्हणजे तळं नक्की उलटणार. माझेही काढा." तसं हळूहळू सगळं सभाघर काठाकडे निघालं.

७

शुक्रवारी पहाटे गंधकाचा वास घराघरात शिरला. उजाडलं तेव्हा तळं मळकट हिरवं झालं होतं आणि रानमासे काठाला लागून मेलेले होते. पिंजरे बहुतेक रिकामे होते. ज्या दोघा-तिघांनी ऐकलं नाही ते डोक्याला हात लावून बसले होते, आणि त्यांना कुणी काही बोललं नाही.

दुपारी दातुकांच्या घरी जेवण घातलं. मधल्या ताटात माशाचं तिखटजाळ कालवण. मोठं डोकं मानाच्या पाहुण्याला द्यायचं. दातुकांनी ते रेत्नोच्या भातावर ठेवलं आणि म्हणाले, "आमच्या तळ्याचं मन आमच्यापेक्षा हिला जास्त कळतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. डेसीनंही. नेलीच्या पोटात कळ आली. तीच ती जुनी कळ, तसूभरही कमी झाली नव्हती. खरं बोललं की मन निवतं म्हणतात, ते साफ खोटं आहे.

रेत्नोनं ताट पुढं सरकवलं. "हा मान उनींचा आहे. आणि यापुढं एकही इशारा त्यांनी बघितल्याशिवाय जाणार नाही. मी ठरवलंय."

बघा, मोठेपणाही हिलाच! नेलीनं दात आवळले.

"नाटकं पुरे," ती म्हणाली आणि ताट परत ढकललं. "तुझा मान आहे, तूच खा मुकाट्यानं. तिखट लागलं तर पाणी पी."

मग तिनं हात लांब करून बोटानं माशाचा डोळा अलगद काढला, सगळ्यात चवदार असतो तो, आणि तोंडात टाकला.

"एवढा मात्र मी घेते," ती म्हणाली.